उत्पादकतेचे मापन आणि सार्वजनिक सेवा : एस.टी.च्या कार्यमापनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

उद्योग आणि सार्वजनिक सेवा यांच्या मूल्यमापनात ‘कार्यक्षमता’ आणि ‘उत्पादकता’ या दोन संकल्पनांना आज मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. अर्थसंकल्पावरील चर्चा, लेखापरीक्षणाचे अहवाल, सार्वजनिक उपक्रमांच्या पुनर्रचनेचे प्रस्ताव आणि विद्यापीठीय प्रबंध या सर्वांत या संकल्पना आकड्यांच्या रूपाने अवतरतात. हे आकडे तटस्थ आहेत, असे बहुधा गृहीत धरले जाते. एखाद्या उपक्रमाची कार्यक्षमता ०.७५ आली म्हणजे तो उपक्रम २५ टक्के साधनसामग्री वाया घालवतो, असा अर्थ लावून अभ्यासक मोकळा होतो आणि पुढील निर्णय प्रशासनावर सोपवतो.

प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा करावयाची आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मापनाची पद्धती कितीही सूक्ष्म झाली तरी सार्वजनिक सेवेचे ‘उत्पादन’ कोणते, हे ती पद्धती ठरवू शकत नाही. ते अभ्यासकाला आधी ठरवावे लागते आणि ते ठरवणे हा मूल्यनिर्णय असतो. हा निर्णय उघडपणे न घेता उपलब्ध तक्त्यांवर सोपवला, तर कायद्याने सेवेवर टाकलेले कर्तव्यच मापनातून गळून पडते. या प्रतिपादनासाठी महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे, म्हणजे सर्वपरिचित ‘एस.टी.’चे उदाहरण घेतले आहे. तुलनेसाठी प्रारंभी साखर उद्योगाचाही विचार केला आहे.

२. संकल्पनांचा विकास

उत्पादकता म्हणजे उत्पादनाचे आदानांशी असलेले गुणोत्तर, आणि कार्यक्षमता म्हणजे प्रत्यक्ष कामगिरीची शक्य असलेल्या सर्वोत्तम कामगिरीशी तुलना. हा भेद वरवर सोपा वाटला तरी महत्त्वाचा आहे. उत्पादकता मोजण्यास दुसऱ्या घटकाची गरज नसते. कार्यक्षमता मोजण्यास ‘सर्वोत्तम’ कोण हे ठरवावे लागते.

या दिशेने पायाभूत काम एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये केले. सैद्धांतिक आदर्शाशी तुलना न करता, प्रत्यक्षात आढळणाऱ्या उत्तम घटकांना जोडणारी सीमारेषा आखावी आणि इतर घटक त्या रेषेपासून किती दूर आहेत ते पाहावे, ही त्यांची कल्पना होती. कमीत कमी आदानांत दिलेले उत्पादन घेणे ही तांत्रिक कार्यक्षमता, आणि किमती लक्षात घेऊन आदानांचे योग्य मिश्रण निवडणे ही किंमतविषयक कार्यक्षमता, असे दोन भाग त्यांनी केले. त्याच वर्षी रॉबर्ट सोलो यांनी आर्थिक वाढीतील जो भाग भांडवल व श्रम यांच्या वाढीने स्पष्ट होत नाही, तो तांत्रिक बदलाच्या खाती मांडला. मोझेस अब्रामोविट्झ यांनी मात्र त्याआधीच, १९५६ मध्ये, अशा अवशेषाला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते. उत्पादकतेच्या अभ्यासकाने हा इशारा नेहमी जवळ बाळगावा, असा आहे.

फॅरेल यांच्या कल्पनेला १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी रेषीय प्रोग्रॅमिंगचे रूप दिले. ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ या नावाने ही पद्धती ओळखली जाते. पुढे तिचा उल्लेख ‘आवरण-विश्लेषण’ असा केला आहे. अमेरिकेतील वंचित मुलांसाठीच्या एका शालेय कार्यक्रमाच्या मूल्यमापनातून ती आकाराला आली, हे लक्षणीय आहे. शाळेच्या उत्पादनाला बाजारभाव नसतो. म्हणूनच किमतीवाचून चालणारी पद्धती हवी होती. या पद्धतीत प्रत्येक घटकाला आपल्या आदानांचे व उत्पादनांचे भार स्वतःला सर्वाधिक अनुकूल असे निवडण्याची मुभा असते. अट इतकीच की, तेच भार वापरून दुसऱ्या कोणत्याही घटकाचा गुणांक एकाहून अधिक येता कामा नये. याउलट १९७७ मध्ये मांडल्या गेलेल्या प्रसंभाव्य सीमारेषा पद्धतीत विचलनाचे दोन भाग पाडले जातात : एक योगायोगाचा, दुसरा अकार्यक्षमतेचा. या पद्धतींचा वापर आज बँका, रुग्णालये, वीज वितरण, बंदरे आणि बस वाहतूक अशा अनेक क्षेत्रांत होतो.

३. उद्योगातील मापन : साखर उताऱ्याचे उदाहरण

उद्योगात उत्पादन निश्चित असते आणि त्याला बाजारभाव असतो. त्यामुळे तेथे मापन सुकर आहे, असे मानले जाते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा ‘उतारा’ हे अशा मापनाचे सर्वांत परिचित रूप होय. १०० किलो उसापासून किती किलो साखर मिळाली, हा प्रश्न साधा आहे. शेतकऱ्याला मिळणारी रास्त व किफायतशीर किंमतही या उताऱ्याशी निगडित असते. त्यासाठीचा पायाभूत उतारा २०२२-२३ च्या हंगामापासून १०.२५ टक्के धरण्यात आला.

परंतु हा साधा आकडाही बारकाईने पाहिल्यास साधा राहत नाही. कोल्हापूर-सांगली भागातील उतारा सोलापूर वा मराठवाड्यातील उताऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक असतो. यात कारखान्याच्या यंत्रसामग्रीचा वाटा किती आणि जमीन, हवामान, उसाची जात, तोडणीची वेळ व तोडणीनंतर गाळपापर्यंत लागलेला काळ यांचा वाटा किती, हे उताऱ्यावरून कळत नाही. शिवाय २०१८ पासून बी-हेवी मळी आणि उसाचा रस यांपासून इथेनॉल निर्मितीला चालना मिळाली. इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेची भर न घालता उतारा काढल्यास तो घटलेला दिसतो. पण ही घट अकार्यक्षमतेची नसून उत्पादनाचे स्वरूप बदलल्याची असते. एकाच कारखान्याची साखर, इथेनॉल आणि सहवीज ही तीन उत्पादने असतील, तर केवळ साखर मोजणारा निर्देशांक दिशाभूल करतो.

तथापि, उद्योगाच्या बाबतीत या अडचणीवर एक उपाय आहे. तिन्ही उत्पादनांना किंमत आहे. किमतींचे भार देऊन त्यांची बेरीज करता येते. त्या किमती शासकीय धोरणाने प्रभावित असल्या तरी त्या जाहीर असतात आणि त्यांवर वाद घालता येतो. सार्वजनिक सेवेत नेमका हाच आधार नाहीसा होतो.

४. सार्वजनिक सेवेचे उत्पादन कोणते?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही अडचण दीर्घकाळ टाळण्यात आली. शासकीय सेवा बाजारात विकली जात नाही. म्हणून तिच्यावर झालेला खर्च हेच तिचे उत्पादन मानण्याचा प्रघात पडला. ब्रिटनमध्ये १९९८ पर्यंत हीच रीत होती. उत्पादन म्हणजेच आदान असे एकदा मानले की उत्पादकतेत वाढ वा घट होणे व्याख्येनेच अशक्य होते. १९९८ पासून तेथे प्रत्यक्ष निर्देशांक वापरण्यास सुरुवात झाली आणि त्यातून निर्माण झालेल्या प्रश्नांचा विचार अर्थशास्त्रज्ञ टोनी ॲटकिन्सन यांनी २००५ च्या अहवालात केला. सेवेने अंतिम फलितात घातलेली भर मोजावी आणि गुणवत्तेतील बदलाची दखल घ्यावी, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. भारतात लोकप्रशासनाचे उत्पादन आजही मुख्यतः खर्चावरूनच मोजले जाते.

दुसरी अडचण विल्यम बाउमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिली. ज्या सेवांत श्रम हेच सेवेचे स्वरूप असते, तेथे तंत्रज्ञानाने श्रम वाचवण्यास मर्यादा असतात. वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढते. परिणामी त्या सेवेचा प्रतिनग खर्च सतत वाढत जातो. ही वाढ म्हणजे अकार्यक्षमता नव्हे. एका बसला एक चालक १९४८ मध्येही लागत होता आणि आजही लागतो. घाटरस्त्यावर त्याने गाडी किती वेगाने हाकावी यास रस्त्याची मर्यादा आहे. एस.टी.च्या वाढत्या खर्चाची चर्चा करताना व्यवस्थापनातील दोष आणि सेवेच्या स्वरूपातून येणारी खर्चवाढ या दोहोंत क्वचितच भेद केला जातो.

५. एस.टी.चे निर्देशांक : काय मोजले जाते, काय सुटते

१ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावलेल्या पहिल्या बसपासून एस.टी.च्या प्रवासी वाहतुकीचा इतिहास सुरू होतो. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एस.टी.चे ब्रीद. मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० हा तिचा कायदेशीर आधार. या अधिनियमाच्या १८ व्या कलमानुसार महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र सेवा पुरवावयाची आहे. तर २२ व्या कलमानुसार त्याने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावयाचे आहे. मापनाच्या प्रश्नाचे मूळ या दोन कलमांतील ताणात आहे.

देशातील परिवहन उपक्रमांच्या कामगिरीचा आढावा घेताना पुढील निर्देशांक प्रामुख्याने वापरले जातात : ताफ्याचा वापर, प्रति बस प्रतिदिन किलोमीटर, प्रति कर्मचारी प्रतिदिन किलोमीटर, बस-कर्मचारी प्रमाण, भारमान, प्रति लिटर डिझेल किलोमीटर, बिघाडाचे प्रमाण, तसेच प्रति किलोमीटर उत्पन्न व खर्च. हे निर्देशांक निरुपयोगी आहेत, असे मुळीच म्हणावयाचे नाही. कार्यशाळेतील शिस्त, सुट्या भागांचा पुरवठा, डिझेलची बचत यांवर त्यांच्यामुळेच लक्ष राहते. परंतु कायद्यातील चार विशेषणांपैकी ‘कार्यक्षम’ आणि ‘किफायतशीर’ या दोघांसाठी अनेक निर्देशांक आहेत, ‘पुरेशी’ या विशेषणासाठी एकही नाही. या यादीत उत्पादन म्हणजे बसने कापलेले किलोमीटर. ते कोणासाठी, कोणत्या वेळी आणि अन्य पर्याय असताना की नसताना कापले, याची नोंद त्यात नाही.

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन आगारे घेऊ. प्रत्येकाकडे ५० बस आणि २५० कर्मचारी आहेत. ‘अ’ आगार महामार्गावरील शहरात आहे. ‘ब’ आगार डोंगराळ तालुक्यात आहे. ‘अ’च्या बस दिवसाला सरासरी ३२० किलोमीटर धावतात, ‘ब’च्या २४०. म्हणजे एकूण किलोमीटर अनुक्रमे १६,००० आणि १२,०००. प्रति कर्मचारी ६४ आणि ४८. ‘अ’च्या बसमध्ये कोणत्याही क्षणी सरासरी ३० प्रवासी असतात आणि प्रत्येक जण सरासरी ८० किलोमीटर प्रवास करतो. ‘ब’च्या बसमध्ये सरासरी २५ प्रवासी असतात आणि प्रत्येकाचा प्रवास सरासरी २० किलोमीटरचा असतो. यावरून प्रवासी-किलोमीटर अनुक्रमे ४,८०,००० आणि ३,००,००० येतात. प्रवाशांची संख्या मात्र ६,००० आणि १५,०००.

आता कार्यक्षमता काढू. आदाने समान असल्याने गुणोत्तर सरळ मिळते. किलोमीटर हे उत्पादन मानल्यास ‘ब’ आगार ‘अ’च्या तुलनेत ७५ टक्के कार्यक्षम ठरते. प्रवासी-किलोमीटर मानल्यास ६२.५ टक्के. प्रवासी हे उत्पादन मानल्यास क्रम उलटतो आणि ‘अ’ आगार ‘ब’च्या केवळ ४० टक्के कार्यक्षम ठरते. आणि किलोमीटर व प्रवासी ही दोन्ही उत्पादने आवरण-विश्लेषणात घातल्यास दोन्ही आगारे १०० टक्के कार्यक्षम ठरतात. कारण ‘अ’ आपला सारा भार किलोमीटरवर टाकते, ‘ब’ प्रवाशांवर. आदाने तीच, बस त्याच, कर्मचारी तेवढेच. निष्कर्ष मात्र चार. यांपैकी एकही निष्कर्ष गणिताच्या चुकीमुळे आलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, दोनच आगारे घेतल्यामुळे असे झाले. राज्यातील सुमारे २५० आगारे घेतल्यास सीमारेषा अधिक विश्वसनीय होईल. सांख्यिकीय दृष्टीने हे खरे आहे. परंतु घटकांची संख्या वाढवल्याने उत्पादनाच्या निवडीचा प्रश्न सुटत नाही. तो केवळ मोठ्या तक्त्यामागे झाकला जातो. तसेच घाटरस्ते, पावसाळ्यातील रस्त्यांची स्थिती, विरळ वस्ती हे घटक आगार-व्यवस्थापकाच्या हाती नसतात. बँकर आणि मोरी यांनी १९८६ मध्ये अशा अनियंत्रित घटकांना वेगळे हाताळण्याची रीत सांगितली. तरीही प्रकाशित तक्त्यांतील बस, कर्मचारी व डिझेल ही तीन आदाने आणि किलोमीटर हे एक उत्पादन घेऊन क्रमवारी लावण्याचा सोपा मार्ग अनेकदा पत्करला जातो. आपल्या एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रबंधांनीही या बाबतीत आत्मपरीक्षण करावयास हवे.

निर्देशांकांच्या अर्थाबाबत आणखी दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. पहिली श्रमाच्या मोजणीची. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘शिवशाही’ सेवेतील काही बस खाजगी मालकांकडून चालकासह भाड्याने घेण्यात आल्या. अशा बसचे किलोमीटर महामंडळाच्या खात्यात जमा होतात. चालक मात्र महामंडळाच्या कर्मचारी-संख्येत येत नाही. त्यामुळे प्रति कर्मचारी किलोमीटर वाढतात. श्रम वाचलेले नसतात. ते हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात, भाड्याच्या खर्चात गेलेले असतात. एकाच घटकाची उत्पादकता मोजण्याचा हा जुना दोष आहे.

दुसरी गोष्ट सवलतींची. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत देण्यात आली. सवलतीच्या रकमेची प्रतिपूर्ती शासनाने करावयाची असते. या निर्णयांनंतर भारमान सुधारले, तर त्यामागे आगाराच्या व्यवस्थापनात काही बदल झाला असे म्हणता येत नाही. प्रतिपूर्तीची रक्कम उत्पन्न धरली तर प्रति किलोमीटर उत्पन्न वाढते. अनुदान धरली तर तोटा वाढतो. ज्या महिलेला पूर्वी तालुक्याच्या बाजारास जाणे परवडत नव्हते, तिचा प्रवास हा उत्पादनातील वाढ आहे की नाही, याचे उत्तर हिशेबाच्या रकान्यावर अवलंबून राहावे, हे समाधानकारक नाही.

६. मुक्कामी गाडीचा प्रश्न

मापनातील त्रुटीचा प्रत्यक्ष परिणाम कोठे होतो, हे पाहण्यासाठी ‘मुक्कामी गाडी’चे उदाहरण पुरेसे आहे. सायंकाळी आगारातून निघालेली बस शेवटच्या गावी रात्री थांबते आणि पहाटे तालुक्याकडे परतते. वरील निर्देशांकांनुसार ही सर्वांत अनुत्पादक फेरी होय. रात्रभर गाडी उभी, चालक-वाहकांचा मुक्काम गावात, जाताना प्रवासी थोडे, किलोमीटर कमी. प्रति बस प्रतिदिन किलोमीटर वाढवण्याचे उद्दिष्ट आगाराला दिले, तर ही फेरी रद्द करून तीच बस महामार्गावर आणखी एक फेरी करण्यास लावणे हा तर्कशुद्ध निर्णय ठरतो. उद्दिष्ट गाठले जाते आणि आगाराची कार्यक्षमता कागदोपत्री सुधारते.

परंतु पहाटेची ती एक बस असेल तरच गावातील विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्या तासाला पोहोचतो, दूध आणि भाजी बाजारात जाते, ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची वेळ साधते. ती बंद झाल्यावर यातील काही प्रवास खाजगी जीपने अधिक पैसे मोजून होतात आणि काही प्रवास होतच नाहीत. न झालेला प्रवास कोणत्याही तक्त्यात येत नाही. हजेरीपत्रकावरील गैरहजेरीचे कारण विद्यार्थ्याची बेफिकिरी असे नोंदवले जाते. फेरी रद्द झाल्याचा उल्लेख तेथे नसतो. महामंडळाने वाचवलेला खर्च अशा रीतीने इतर संस्थांच्या आणि कुटुंबांच्या खाती वर्ग होतो. समाजाच्या एकूण हिशेबात ही बचत नसून खर्चाचे स्थलांतर असू शकते.

चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवले होते की, एखाद्या सांख्यिकीय संबंधाचा उपयोग नियंत्रणासाठी होऊ लागला की तो संबंध ढासळू लागतो. मुक्कामी गाडी हे त्याचे आपल्या परिसरातील उदाहरण म्हणता येईल. किलोमीटर हे सेवेचे लक्षण होते. ते उद्दिष्ट बनल्यावर सेवा कमी होऊनही किलोमीटर वाढू शकतात.

७. पर्यायी मांडणी

वरील चिकित्सेवरून मापनच सोडून द्यावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मापनाच्या अभावी अकार्यक्षमतेला सामाजिक दायित्वाचे पांघरूण मिळते, हा धोका तितकाच खरा आहे. प्रत्येक तोटा ‘लोकसेवे’च्या नावावर खपवता येत नाही. म्हणून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

एक, सामाजिक दायित्वाच्या फेऱ्या आणि व्यावसायिक फेऱ्या यांचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत. पहिल्या प्रकारात फेरी चालवावी की नाही हा धोरणाचा प्रश्न, आणि ती किती काटकसरीने चालवली हा कार्यक्षमतेचा प्रश्न, असे विभाजन करावे.

दोन, ‘पुरेशी’ या विशेषणासाठी निर्देशांक तयार करावेत. सकाळी ठरावीक वेळेपर्यंत तालुक्यास पोहोचवणारी बस असलेल्या गावांचे प्रमाण, नियोजित फेऱ्यांपैकी रद्द झालेल्या फेऱ्या आणि वक्तशीरपणा यांची नोंद आगार पातळीवर ठेवणे अवघड नाही.

तीन, आगारांची क्रमवारी सरसकट न लावता भूरचना आणि लोकवस्तीची घनता यांनुसार गट करून तुलना करावी. घाटातील आगाराची तुलना घाटातीलच आगाराशी व्हावी.

चार, अभ्यासकांनी उत्पादनाची निवड आणि भार यांचे समर्थन स्पष्ट शब्दांत द्यावे, आणि निवड बदलल्यास क्रमवारी किती बदलते तेही सांगावे. जी क्रमवारी उत्पादनाच्या व्याख्येबरोबर उलटते, तिच्या आधारे फेऱ्या बंद करण्याची शिफारस करू नये.

८. समारोप

कार्यक्षमतेच्या मापनाची साधने गेल्या सहा-सात दशकांत अत्यंत प्रगत झाली आहेत. परंतु सीमारेषा किती अचूक आखली, यापेक्षा ती कोणत्या अक्षांवर आखली, हा प्रश्न आधीचा आहे. उद्योगात हे अक्ष किमती सुचवतात. सार्वजनिक सेवेत ते सेवेच्या हेतूतून घ्यावे लागतात. एस.टी.च्या बाबतीत तो हेतू शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही; तो १९५० च्या अधिनियमात नमूद आहे. कार्यक्षमतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याच कलमातील ‘पुरेशी’ हा शब्दही वाचावा आणि तोही मोजावा, इतकीच अपेक्षा आहे. तसे होईपर्यंत ०.७५ या आकड्यातून २५ टक्के अपव्यय सिद्ध होतो, असे म्हणण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. कदाचित त्या २५ टक्क्यांतच शेवटच्या गावची पहाटेची गाडी असेल.